लायसन्स मिळतं कुणाला आणि भीती वाटते कुणाला

नाशिकमध्ये सध्या कुठंही चार माणसं बसली की विषय फिरून फिरून तिथंच येतो, अमुक ठिकाणी कोयत्याने वार झाले, तमक्या पोराकडं गावठी कट्टा सापडला, रात्री दहानंतर पोरीबाळींना एकटं पाठवायची सोय राहिली नाही, आणि मग कुणीतरी म्हणतंच की सरकारने सरळ सगळ्यांना बंदुकीचं लायसन्स द्यायला पाहिजे, गुंडांकडं हत्यारं आहेत मग आपण काय नुसतं बघत बसायचं का. मध्यंतरी पोलिसांनी 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला' म्हणत धडाका लावला होता, लोकांना बरं वाटलं, पण मनातली भीती काही पूर्ण गेली नाही. ही भीती खोटी नाहीये. ज्याच्या गल्लीत खून झालाय त्याला आकडेवारी सांगून गप्प बसवता येत नाही आणि बसवूही नये. पण या भीतीवर बंदूक हा उपाय नाही असं माझं ठाम मत आहे, आणि त्याहून जास्त राग मला दुसऱ्याच गोष्टीचा येतो, आज ज्या पद्धतीने लायसन्स दिली जातात त्या पद्धतीत ज्याला खरंच धोका आहे तो हेलपाटे घालतो आणि ज्याच्या मागेपुढे चार गाड्या असतात त्याच्या कमरेला रिव्हॉल्व्हर असतं.

आधी सेल्फ डिफेन्सचं बोलू, कारण बंदूक मागणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात असं पक्कं बसलेलं असतं की आपल्याकडं स्वतःला वाचवायचा हक्कच नाही, घरात चोर शिरला आणि त्याला दांडकं घातलं तर उलटं आपल्यालाच आत टाकतात. असं नाहीये. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यातली ३४ ते ४४ ही सगळी कलमं याच हक्काची आहेत, आधीच्या आयपीसीत हीच ९६ ते १०६ होती. आणि हा हक्क अजिबात लेचापेचा नाही. समोरचा आपला जीव घेईल किंवा जबर जखमी करेल अशी वाजवी भीती असेल, बलात्काराच्या हेतूने अंगावर आला असेल, पळवून नेत असेल, ॲसिड टाकत असेल, तर कलम ३८ प्रमाणे प्रतिकार करताना त्याचा जीव गेला तरी तो गुन्हा होत नाही. कलम ४१ मालमत्तेचं, त्यात जबरी चोरी आहे, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी केलेली घरफोडी आहे, राहत्या घराला आग लावणं आहे. शिवाय हा हक्क फक्त स्वतःपुरता नाही, शेजारणीला कुणी मारत असेल, रस्त्यावरच्या अनोळखी माणसावर कोयता उगारला असेल तर त्याला वाचवायलाही तोच हक्क लागू होतो. २०१० मध्ये दर्शन सिंग विरुद्ध पंजाब सरकार या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हे सगळं पुन्हा नीट मांडलं, की हल्ला होत असताना माणूस तराजू घेऊन बसत नाही, त्याने बरोबर किती जोर लावायला हवा होता याचा हिशोब नंतर एसीत बसून काढू नये, आणि अंगावर कुणी आलं की माणसाने पळूनच जायला पाहिजे असंही कायदा म्हणत नाही. आता सांगा, यात हात बांधलेत कुठं?

मर्यादा आहेत, आणि त्या असायलाच पाहिजेत. पोलिसांकडं जायला वेळ होता तर हक्क नाही, गरजेपेक्षा जास्त इजा करायचा हक्क नाही, आणि धोका संपला की हक्क संपला. कॉलेज रोडला एखादीची चेन ओढून बाईकवाला सुसाट निघाला, तो पन्नास फुटांवर गेला, आता मागून त्याच्या पाठीत गोळी घालणं हा बचाव नाही, ती शिक्षा झाली, आणि शिक्षा द्यायचं काम आपलं नाही. त्यातून संध्याकाळी सातचा कॉलेज रोड डोळ्यांसमोर आणा, पाणीपुरीच्या गाड्या, क्लास सुटलेली पोरं, दुकानांसमोर तिरक्या लावलेल्या गाड्या, तिथं ती गोळी कुणाला लागेल?

मग लोकांना हात बांधल्यासारखं का वाटतं? कारण हा हक्क कोर्टात आहे, पोलीस स्टेशनमध्ये नाही. मारामारी झाली, समोरच्याला जास्त लागलं, की ठाणे अंमलदार ज्याला जास्त लागलंय त्याची तक्रार आधी घेतो, मग दुसऱ्याची, क्रॉस कंप्लेंट झाली, दोघंही आरोपी. आपण बचावात मारलं हे दाखवायची जबाबदारी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे आरोपीवर येते. ते शंभर टक्के सिद्ध करावं लागत नाही, तसं असणं जास्त संभवनीय आहे एवढं दिसलं तरी पुरतं, पण तिथपर्यंत पोचायला वर्षं जातात, वकिलाची फी जाते, पोराच्या नोकरीचं व्हेरिफिकेशन अडकतं. खरी दुरुस्ती इथं पाहिजे. तपास अधिकाऱ्याने पहिल्याच दिवशी लिहायला पाहिजे की हल्ला कुणी सुरू केला, हत्यार कुणी आणलं, वेळ काय होती, जागा कुणाची होती, घराचं दार आतून तुटलंय की बाहेरून, आणि बचावाचं स्पष्ट चित्र दिसत असेल तर घाईने अटक करू नये. हे झालं तर माणसाला निम्मा धीर येईल आणि त्यासाठी एक काडतूससुद्धा लागत नाही. बंदूक हातात असती तरी हेच पोलीस स्टेशन आणि हेच कोर्ट असणार होतं ना, उलट गोळीने माणूस मेल्यावर केस जास्त अवघड होते.

आता लायसन्सचं. शस्त्र कायदा १९५९ चा, नियम २०१६ चे. शहरात पोलीस आयुक्त देतात आणि ग्रामीणला जिल्हाधिकारी, वय २१ पूर्ण पाहिजे, पोलिसांचा अहवाल लागतो, डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, हत्यार सुरक्षित हाताळायचं ट्रेनिंग लागतं. २०१९ मध्ये दुरुस्ती झाली, आधी एका माणसाला तीन बंदुका ठेवता यायच्या त्या दोनवर आल्या, लायसन्सची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली, आणि लग्नात हळदीत हवेत गोळ्या उडवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आली. फार लोकांना माहीत नसलेली एक गोष्ट म्हणजे कायदा सगळ्या बंदुकांना एका मापाने मोजत नाही. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी लांब नळीची साधी बंदूक, म्हणजे २० इंचापेक्षा कमी नसलेली गुळगुळीत नळी, मागितली तर कलम १३ चा कल देण्याकडं आहे. पिस्तूल रिव्हॉल्व्हर मागितलं की 'योग्य कारण' आहे अशी अधिकाऱ्याची खात्री व्हावी लागते. यामागं विचार आहे, लांब बंदूक लपवून फिरता येत नाही, ती घर आणि मळा राखायला असते. आणि लोकांना हवं असतं नेमकं उलटं, खिशात मावणारं. घर राखायला बारा बोअरची लांब बंदूक मागणारा मला क्वचितच भेटलाय, जो तो .३२ च्या रिव्हॉल्व्हरचं बोलतो.

आणि त्या 'योग्य कारण' मध्येच सगळी मेख आहे. कलम १४ म्हणतं की लायसन्स नाकारताना अधिकाऱ्याने कारण लिहून ठेवायचं आणि मागितलं तर अर्जदाराला थोडक्यात सांगायचं. एखाद्याकडं पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून नाकारायचं नाही, हेही त्याच कलमात आहे. चांगलंय. पण देताना? दिलं तर का दिलं हे जनतेला कुणी सांगत नाही. बीडला काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राने बघितलं, डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा निर्घृण खून झाला आणि मग बाहेर आलं की त्या एका जिल्ह्यात बाराशेहून जास्त लायसन्स दिलेली आहेत. ओरड झाल्यावर प्रशासनाने त्यातली बरीच रद्द केली. म्हणजे ओरड होईपर्यंत त्यांची गरज होती आणि ओरड झाल्यावर संपली? २०२५ मध्ये पुण्यात पोलिसांनी नाकारलेलं लायसन्स अपिलात मंत्रालयातून मंजूर करायचा आदेश निघाला आणि त्यावरून गदारोळ झाला. अपील करायचा हक्क कायद्यातच आहे, त्याला माझी हरकत नाही, पण स्थानिक पोलीस म्हणतात की हा माणूस धोक्याचा आहे आणि वरचे म्हणतात देऊन टाका, तर वरच्यांनी आपलं कारण सगळ्यांसमोर ठेवायला नको का?

लायसन्सवालेच काय करतात तेही बघा. २ फेब्रुवारी २०२४ ला उल्हासनगरात एका आमदाराने पोलीस स्टेशनच्या आत, वरिष्ठ निरीक्षकाच्या केबिनमध्ये गोळ्या झाडल्या, वाद जमिनीचा होता, सीसीटीव्हीत सगळ्या राज्याने पाहिलं. त्यानंतर आठवडाही झाला नाही तोच दहिसरला एका माजी नगरसेवकाचा लाईव्ह व्हिडिओ चालू असताना खून झाला, मारणाऱ्याचं स्वतःचं लायसन्स नव्हतं, त्याने आपल्या बॉडीगार्डची लायसन्सवाली बंदूक वापरली, आणि ते लायसन्स होतं उत्तर प्रदेशातलं. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला मुंबईत एका नामवंत अभिनेत्याच्या पायात त्याच्याच लायसन्सच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली. तिन्ही ठिकाणी हत्यार लायसन्सवालंच होतं. आणि हे सगळे काही चोरदरोडेखोर नव्हते. रागाचा एक क्षण, जमिनीचा एक तुकडा, कपाट बंद करतानाचा एक धक्का. आपल्या नाशिकला जमिनीचा विषय किती तापलेला आहे हे वेगळं सांगायला नको, सिंहस्थ २०२७ तोंडावर आलाय, आडगाव काय, मखमलाबाद काय, त्र्यंबक रोड काय, सातबाऱ्यावरून सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत. अशा घरात मला रिव्हॉल्व्हर नको.

इथं कुणीतरी अमेरिकेचं नाव घेतं. घ्या. तिथं २००८ मध्ये हेलर केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की घरात स्वसंरक्षणासाठी हँडगन ठेवणं हा व्यक्तीचा घटनात्मक हक्क आहे, आणि २०२२ च्या ब्रुएन केसमध्ये न्यूयॉर्कची जुनी अट मोडीत काढली. ती अट काय होती माहितीये? बाहेर बंदूक बाळगायची तर 'योग्य कारण' दाखवा आणि ते कारण योग्य आहे का ते अधिकारी ठरवणार. जवळजवळ आपलीच पद्धत. तिथले बंदूकवाले म्हणत होते की अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलं की श्रीमंत आणि ओळखीवाल्यांना मिळतं आणि साध्या माणसाला, त्यातही काळ्या माणसाला, मिळत नाही. हा त्यांचा मुद्दा मला शंभर टक्के पटतो, आपल्याकडंही तेच दिसतं. पण त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. मर्जी चुकीची असेल तर मर्जीला नियमात बांधा, उजेडात आणा, दारच उखडून टाकायची काय गरज? कारण ते दार उघडं असलं की काय होतं तेही तिथंच दिसतं. स्मॉल आर्म्स सर्व्हेचा २०१७ चा अंदाज आहे, अमेरिकेत १०० माणसांमागं १२० बंदुका आणि भारतात बेकायदा धरूनही पाच-साडेपाच. बंदुका असल्याने माणसं सुरक्षित होत असती तर अमेरिकेसारखा निर्धास्त देश दुसरा नसता. तिथं शाळेतली पोरं गोळीबारात कसं लपायचं याची रंगीत तालीम करतात. एप्रिल २०२३ मध्ये कॅन्सस सिटीत १६ वर्षांचा एक मुलगा धाकट्या भावांना आणायला निघाला, चुकून दुसऱ्याच घराची बेल वाजवली, आतल्या ८४ वर्षांच्या म्हाताऱ्याने घाबरून त्याच्यावर गोळ्या झाडल्या, पोरगं नशिबाने वाचलं. आता आपल्याकडं इंदिरानगर, पाथर्डी फाटा, एकासारख्या एक बिल्डिंगा, विंगचं नाव दिसत नाही, रात्री साडेअकराला पार्सल घेऊन आलेला पोरगा हमखास चुकीची बेल वाजवतो. आज आपण दार उघडून 'शेजारची विंग' म्हणतो आणि तो 'सॉरी काका' म्हणून निघून जातो.

दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रेलिया आहे, १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला एकाच माणसाने ३५ जण मारले आणि काही महिन्यांत सरकारने कायदा बदलला, पुढच्या वर्षभरात साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका लोकांकडून विकत घेऊन नष्ट केल्या. ब्रिटनने त्याच वर्षीच्या डनब्लेनच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर हँडगन जवळजवळ बंदच केल्या. तिथले लोक काही गुलाम झाले नाहीत.

गुलामीचं म्हटलं की इंग्रजांचा मुद्दा येतो, आणि नाशिकला तो जास्तच जोरात येतो. खरंच आहे, १८७८ चा शस्त्र कायदा व्हाइसरॉय लिटनच्या काळात आला, हिंदी माणसाला लायसन्सची सक्ती आणि गोऱ्यांना सूट, त्यामागं १८५७ ची धास्ती होती. आणि याच गावात २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनला ब्राउनिंग पिस्तुलाने टिपलं. गांधीजींनीसुद्धा १९१८ मध्ये सैन्यभरतीच्या पत्रकात देशाला निःशस्त्र करणारा तो कायदा इंग्रजी राजवटीतल्या काळ्या कृत्यांमध्ये मोजला, १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगायचा हक्क नियमांच्या अधीन राहून मागितला गेला. मग घटनेत तो का नाही आला? डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामतांनी तशी दुरुस्ती मांडली होती आणि बाबासाहेबांनी ती नाकारली, त्यांचं म्हणणं असं की कुणीही बाजारात जाऊन आडकाठीशिवाय हल्ल्याची हत्यारं विकत घेऊ लागला तर राज्यकारभार चालवायचा कसा. हे बोलणारा माणूस कोण होता हे विसरू नका. १९३० मध्ये काळाराम मंदिर सत्याग्रहात रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडांचा मारा झाला, त्या गर्दीत बाबासाहेब स्वतः होते. ज्यांना या गावात सगळ्यात जास्त भीती होती त्यांचा नेता म्हणतो की मोकळी हत्यारं नकोत, कारण त्याला चांगलं माहीत होतं की बाजार मोकळा झाला तर आधी हत्यार कुणाच्या हातात जाईल. पैसा कुणाकडं, गावकी कुणाच्या मुठीत, आणि दगड कुणी खाल्ले. परक्या सरकारविरुद्ध हत्यार उचलणं आणि आपल्याच गल्लीत शेजाऱ्याच्या भीतीने हत्यार जवळ ठेवणं यांना एकाच दोरीत बांधू नका, कान्हेरेंच्या नावावर तर नकोच.

आता शहर सोडून मळ्यात या, कारण तिथला प्रश्न खरंच वेगळा आहे आणि तिथल्या माणसाला मी शहरातल्या बिल्डरच्या रांगेत उभं करणार नाही. निफाडकडं माझ्या मामांची वस्ती आहे, गावापासून लांब, आजूबाजूला द्राक्षबाग आणि ऊस. त्यांच्याकडं आजोबांपासून आलेली बारा बोअरची दुनळी आहे. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली, तेलाचा वास येतो, काडतुसं वेगळी, मामीच्या कपाटात कुलपात. निवडणूक लागली की पोत्यात घालून पोलीस स्टेशनला जमा करायची, पावती घ्यायची, आचारसंहिता उठली की परत आणायची, २०२४ ला लोकसभा आणि विधानसभा दोन्ही वेळा हेच झालं. वस्तीवर दरोड्याची भीती आहे, बिबट्याची तर रोजची आहे. तरी रात्रीची लाईट आली की मळ्याला पाणी द्यायला मामा बंदूक घेऊन जात नाहीत. मी विचारलं तर मामीच म्हणाल्या, "एका हातात बॅटरी, एका हातात फावडं, बंदूक धरायची कशात?" आणि हे अगदी खरं आहे. बिबट्या समोर उभा राहून इशारा देत नाही, तो उसातून मागून येतो, वाकलेल्या माणसावर किंवा लहान पोरावर येतो, खांद्यावरची बंदूक काढून, घोडा चढवून, अंधारात नेम धरेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. कायदा इथंही माणसाच्या बाजूने आहे, वन्यजीव कायदा १९७२, कलम ११, स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवायला प्रामाणिकपणे वन्यप्राणी मारला तर तो गुन्हा नाही, हे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहून ठेवायला पाहिजे. पण जीव वाचणार कशाने? दिवसा लाईट मिळाली तर. शेतकरी रात्री दोनला पाण्यात उभा आहे कारण लाईट रात्रीची आहे, सौर कृषी वाहिनी योजनेत दिवसा वीज द्यायचं सरकारनेच सांगितलंय, ती निफाड, दिंडोरी, सिन्नरच्या प्रत्येक फीडरवर आली तर शंभर बंदुकांचं काम एकटी करेल. शिवाय आपल्या जिल्ह्यात ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे, एक फोन लावला की तुमचा आवाज गावातल्या सगळ्यांच्या मोबाईलवर जातो, दरोडा, बिबट्या, आग काहीही असो, शेजारची वस्ती बॅटऱ्या घेऊन निघते. एकट्या माणसाच्या हातातल्या दुनळीपेक्षा हाकेला धावणारी चाळीस माणसं मला जास्त भरवशाची वाटतात.

आणि शहरात बिबट्या शिरतो तेव्हाची गर्दी आठवा. गंगापूर रोडच्या बाजूला, सिडकोकडं, जेव्हा जेव्हा बिबट्या घुसलाय तेव्हा वनखात्याची माणसं बेशुद्धीचं इंजेक्शन भरत असतात आणि गच्च्यांवर, कंपाउंडवर, झाडांवर माणसंच माणसं मोबाईल घेऊन, आरडाओरडा चाललेला. त्या गर्दीत दहा जणांच्या कमरेला रिव्हॉल्व्हर असतं तर बिबट्याने जखमी केले असते त्याहून जास्त गोळ्यांनी झाले असते.

बायकांच्या सुरक्षेसाठी तरी द्या, असं म्हणणाऱ्यांना मी टाळणार नाही, त्यांची तळमळ खरी असते. दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' नावाचं हलकं .३२ रिव्हॉल्व्हर काढलं, बायकांसाठी म्हणून, किंमत सव्वा लाखाच्या घरात. एमआयडीसीत सेकंड शिफ्ट करून रात्री शेअर रिक्षाने घरी येणारी मुलगी सव्वा लाख आणणार कुठून? आणि बलात्काराच्या केसेसमध्ये आरोपी बहुतांश वेळा ओळखीचाच निघतो, नातेवाईक, शेजारी, लग्नाचं आमिष दाखवणारा. तिथं पर्समधली बंदूक कामाला येत नाही. उलट घरातली बंदूक बहुतेक नवऱ्याच्या नावावर असते आणि घरात मारहाण असेल तर ती बंदूक कुणावर रोखली जाणार हे उघड आहे. म्हणून लायसन्स देताना आणि दर पाच वर्षांनी रिन्यू करताना घरातल्या बाईचं म्हणणं वेगळं, एकटीला बसवून, महिला अधिकाऱ्याने घ्यावं असं मला मनापासून वाटतं. तिने नाही म्हटलं तर तिचं नाव न सांगता नाकारा.

अजून एक गोष्ट आहे जी बोलायला जड जाते. अमेरिकेत बंदुकीने जे मृत्यू होतात त्यातले निम्म्याहून जास्त खून नसतात, आत्महत्या असतात. आपला जिल्हा द्राक्षाचा, कांद्याचा, कर्जाचा. गारपीट झाली, भाव पडला, की घराघरात काय चालतं ते आपल्याला माहितीये. मनाचा तो काळा तास बऱ्याचदा निघून जातो, हाताशी साधन नसेल तर माणूस वाचतो आणि पुढं जगतोही, श्रीलंकेने जास्त विषारी कीटकनाशकं बंद केली तेव्हा तिथल्या आत्महत्या खूप कमी झाल्या हे सिद्ध झालेलं आहे. औषध पोटात गेलं तरी कधीकधी सिव्हिलला नेऊन माणूस वाचवता येतो. गोळीला ती संधी फार कमी असते. ज्या तालुक्यांमध्ये आपण कीटकनाशकाचा डबा कुलपात ठेवा म्हणून सांगत फिरतो तिथं घरोघरी बंदूक पोचवा असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

राहिला कट्ट्यांचा प्रश्न. मान्य, देशात गोळीने होणारे बहुतांश खून बेकायदा हत्यारांनीच होतात, आणि आपल्याकडं येणारा माल मध्य प्रदेशच्या सीमेवरून, उमर्टीकडून, चोपडा-धुळे करत खाली उतरतो हे पोलिसांच्या कारवायांमध्ये वारंवार दिसलंय. पण कट्टा भट्टीवर बनला तरी त्यातलं काडतूस बहुतेक वेळा कारखान्यातलंच असतं. ते कुठून येतं? कुणाच्या तरी लायसन्सच्या कोट्यातून, कुठल्या तरी दुकानाच्या रजिस्टरमधून. लायसन्सं वाढली की तो झरा मोठा होतो. प्रत्येक रिकाम्या पुंगळीचा आणि शिल्लक काडतुसाचा हिशोब दरवर्षी कडक तपासला तर कट्टेवाल्याचा खरा गळा आवळला जाईल, आणि हे काम सामान्य माणसाला बंदूक देऊन होणार नाही.

नेमबाजी हा खेळ आहे आणि त्याला माझा विरोध अजिबात नाही. भीष्मराज बाम सरांसारखा माणूस आपल्या नाशिकचा, पोलीस सेवेतून निवृत्त होऊन त्यांनी नेमबाजांना मन शांत ठेवायला शिकवलं, अशा पोरांना क्लबमधून रायफल मिळायलाच पाहिजे. खरा धोका असलेल्यांनाही सोडून देऊ नका, कोर्टात साक्ष देणारा, वाळूवाल्यांविरुद्ध तक्रार करणारा, जातीबाहेर लग्न केलेलं जोडपं, यातल्या साक्षीदारांसाठी साक्षीदार संरक्षण योजना आहे, बाकीच्यांसाठी पोलीस बंदोबस्त आहे, तो आधी यांना द्या. आज बंदोबस्त दिसतो तो पुढाऱ्याच्या बंगल्यासमोर खुर्ची टाकून बसलेला.

आणि लायसन्सचं म्हणाल तर माझी मागणी साधी आहे, तिला नवा कायदासुद्धा लागत नाही. नाशिकचे पोलीस आयुक्त आणि जिल्हाधिकारी या दोघांनी दर तीन महिन्यांनी वेबसाईटवर टाकावं, अर्ज किती आले, दिली किती, नाकारली किती, कुठल्या कारणाखाली, त्यात अर्जदारावर गुन्हे दाखल असलेले किती, मंत्रालयातून अपिलात किती परत आली आणि वर काय कारण दिलं. नावं टाकू नका, चोरांना पत्ते मिळतील, पण कारण टाका. शेतकरी किती, माजी सैनिक किती, बँक गार्ड किती, राजकीय पदाधिकारी किती, बांधकाम व्यावसायिक किती. ज्याने धोका आहे म्हणून घेतलं त्याचा तो धोका रिन्यूअलला अजून शिल्लक आहे का ते पोलिसांनी जागेवर जाऊन बघावं, आणि नसेल तर हत्यार जमा करून घ्यावं, मग तो कुणाचाही माणूस असो. निवडणुकीत माझ्या मामांची आजोबांची दुनळी जमा होऊ शकते तर जमिनीच्या तीन-तीन वादात नाव असलेल्या माणसाचं रिव्हॉल्व्हर एरवीही जमा व्हायला काय हरकत आहे, याचं उत्तर मला जिल्हा प्रशासनाकडून लेखी हवंय आणि त्यासाठी मी माहिती अधिकारात अर्ज करणार आहे, तुम्हीही आपापल्या तालुक्यातून करा.